‘ची’ मोजता मोजता : गाण्यावरचा माझा पहिला प्रकल्प

बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आमच्या सांगलीच्या कॉलेजात मराठीवाल्यांना प्रकल्प करावा लागतो. मी गाणं निवडलं ते निव्वळ आळसापोटी. कादंबरी कोण वाचत बसणार, गाणं काय, एका रविवारात उरकेल! उरकायला अडीच महिने लागले. यंदा ज्यांनी गाणं घेतलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

माझं गाणं अण्णा भाऊ साठ्यांची छक्कड, म्हणजे लावणीच्या घरातलं गाणं, ‘माझी मैना गावावर राहिली’. वाटेगाव आमच्याच वाळवा तालुक्यातलं. १ ऑगस्टला जयंतीच्या मंडपात हे गाणं वाजणार म्हणजे वाजणारच, त्यामुळे लहानपणापासून तोंडपाठ. पाठ गाण्याचा एक धोका असतो. ते तोंडातून आपोआप येतं आणि शब्दाकडे लक्षच जात नाही.

पहिला खर्डा अकरा पानांचा झाला. त्यातली सात पानं चरित्राची : १९२० चा जन्म, वडिलांबरोबर मुंबईपर्यंतची पायपीट, १९४४ चं लाल बावटा कलापथक, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. उरलेल्या चार पानांत ‘कवीने विरहभावना प्रभावीपणे मांडली आहे’ हे एकच वाक्य कपडे बदलून फिरत होतं. मॅडमनी सात पानांवर तिरकी रेघ मारली आणि ‘प्रभावीपणे’खाली लिहिलं, ‘म्हणजे कशी?’ बाकी एक अक्षर नाही. त्या दिवशी त्यांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू.

मग गाणं हाताने उतरवून काढलं. मोबाइलवर मिळालेली प्रत आणि वाचनालयातली छापील प्रत समोरासमोर ठेवली, तर शब्द जागोजागी वेगळे. शाहिरी तोंडातोंडी फिरते, तेव्हा असं होणारच. आपण कोणती प्रत धरली ते पहिल्याच पानावर सांगून टाका, पुढची निम्मी कटकट वाचते.

मॅडम मूळच्या नागपूरकडच्या. गाण्यात नवरा भल्या पहाटे भाकरतुकडा बांधून मुंबईला निघतो आणि मैना त्याला ‘घालवीत’ निघते. मॅडमनी विचारलं, “घालवीत म्हणजे? गमावीत?” मी हसले, पण आपण यावर एक ओळही लिहिली नाही हे तेव्हाच लक्षात आलं. घरी आज्जीला सांगितलं तर म्हणाली, “पाव्हणं निघालं की फाट्यापत्तुर घालवाय जातोय न्हवं आपण?” आपल्याला सोपा वाटतो म्हणून सोडलेला शब्दच बाहेरच्या वाचकाला अडतो. त्या एका शब्दावर शेवटी माझं अर्धं पान झालं, कारण मॅडमनी ऐकलेला ‘गमावणं’ हा अर्थही त्या पहाटेला चिकटतोच की.

त्याच जागी मैनेला ‘चांदणी शुक्राची’ म्हटलंय. आधी मी लिहिलं होतं, ‘सुंदर उपमा’. नंतर डोक्यात आलं, पहाट आहे, म्हणजे शुक्राची चांदणी खरोखरच आभाळात असू शकते. उपमा लांबून आणलेली नाही, वाटेवर मान वर केली की दिसणारी आहे. आणि उजाडलं की ती दिसेनाशी होणार.

एका ठिकाणी मात्र मी वाहवले. ‘माझ्या जिवाची होतिया काहिली’ यातल्या काहिलीवरून मला गुऱ्हाळातली काहील आठवली, रस रटरटत असलेली. लगेच ठोकून दिलं की शब्द तिथूनच आला. मॅडम म्हणाल्या, “व्युत्पत्ती म्हणून लिहू नकोस. उसाच्या मुलखातल्या कानाला काय ऐकू येतं, म्हणून लिही.” ते वाक्य तसं बदललं आणि राहिलं.

खरी गंमत यमकात होती. तांबडी पेन्सिल घेऊन ओळींचे शेवट खुणावत गेले : जाण्याची, पहाटेची, भाकरतुकड्याची, शुक्राची… नुसती ‘ची’ची रांग. छक्कड म्हणजे शृंगाराची चाल, ऐकणाऱ्याला त्या ‘ची’ची गुंगी चढते. आणि पुढे जिथे मैनेची गोष्ट सोडून गाणं खंडित महाराष्ट्रावर येतं, ‘तीच गत झाली’ म्हणतं, तिथेही शेवट ‘महाराष्ट्राची’! विषय बदलला, यमक बदललं नाही. म्हणून बेळगाव, कारवार येतात तेव्हा भाषण सुरू झालं असं वाटत नाही, अजून मैनाच चालू आहे असं वाटतं. ‘म्हणजे कशी?’ला माझ्याकडे आता उत्तर होतं. मी प्रकल्प याच जागेपासून नव्याने लिहायला घेतला. चळवळ आली ती इथे, १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला आणि हा भाग बाहेर राहिला एवढ्यापुरती, चार ओळींत. चरित्रातली मुंबईची पायपीट तेवढी ठेवली, कारण गाण्यातही गावाहून मुंबईच आहे.

वेळेचं म्हणाल तर लिहायला आठ दिवस पुरले. बाकी सगळा काळ उतरवणं, विचारणं आणि खोडणं यात गेला.

टायपिंगला मात्र शेवटच्या दिवशी देऊ नका. टायपिंगवाल्या दादांनी माझ्यावर उपकार म्हणून सगळीकडे ‘होतिया’चं ‘होते या’ करून ठेवलं होतं, शिवाय ‘घालवीत’चं ‘घाबरवीत’. बायंडिंग झाल्यावर दिसलं. तिन्ही प्रतींत पांढरी शाई लावून काळ्या पेनाने दुरुस्त केलं, आणि तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी पहिलं बोट नेमकं त्या पांढऱ्या डागावर ठेवलं, “इथे काय होतं?”