जर्मन शिकताना ‘बाइन’ म्हणजे हाड समजताय? या चुका टाळा

इंग्लिशचा ‘बोन’ आणि जर्मनचा ‘बाइन’ मुळात एकच शब्द, हे कळलं की बरेचजण बाइनचा अर्थही हाडच धरून चालतात आणि तिथेच फसतात. आजच्या जर्मनमध्ये बाइन म्हणजे पाय, हाडाला म्हणायचं ‘क्नॉखन’. पण आधी बाइनचा अर्थ खरंच हाड होता, आणि तो जोडशब्दांत अजून शिल्लक आहे, म्हणजे ‘शीनबाइन’ नडगीचं हाड, ‘नाझेनबाइन’ नाकाचं हाड, ‘एल्फेनबाइन’ हस्तिदंत. मात्र ‘टिशबाइन’ हा टेबलाचा पायच, त्यामुळे एकच अर्थ पाठ करून सगळीकडे चिकटवू नका, आधी शब्द कशाबद्दल आहे ते बघा.

शेजारच्या भाषांत तर अजून मजा आहे. स्वीडिश आणि डॅनिशमध्ये ‘बेन’ म्हणजे पायही आणि हाडही. डचमध्येही तसंच, फक्त अनेकवचन वेगळं होतं, पाय असतील तर ‘बेनन’, हाडं असतील तर ‘बेनडरन’, मला हे फार आवडतं. आइसलँडिकमध्ये मात्र ‘बेइन’ हाडच राहिलं, म्हणून तिथलं ‘बेइनब्रोत’ म्हणजे कुठलंही हाड मोडणं आणि जर्मन ‘बाइनब्रुख’ म्हणजे फक्त पाय मोडणं.

संस्कृतशी नातं जोडायची घाईपण करू नका. जर्मन फूस आणि संस्कृत पाद (पाऊल), क्नी आणि जानु (गुडघा), त्सान आणि दंत (दात) ही नाती पक्की आहेत. बाइनचा असा खात्रीचा नातेवाईक जर्मॅनिक भाषांबाहेर (म्हणजे जर्मन, इंग्लिश, डच, स्वीडिश वगैरेंच्या कुळाबाहेर) सापडलेला नाही, आपलं ‘अस्थी’ वेगळ्याच मुळाचं, लॅटिन ‘ओस’च्या घरातलं.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक, आणि ही मराठीमुळे होते. आपण मांडीपासून बोटांपर्यंत सगळ्याला पाय म्हणतो, जर्मनमध्ये घोट्याखालचा भाग ‘फूस’ आणि पूर्ण पाय ‘बाइन’, डॉक्टरकडे गेल्यावर हा फरक नीट सांगा. ऑस्ट्रियात आणि दक्षिण जर्मनीत लोक बोलताना पूर्ण पायालाही फूस म्हणतात, तेव्हा तिथे दुखणं नक्की कुठे आहे ते विचारून घ्या. आणि ‘माझा पाय मोडला’ सांगताना थेट ‘माइन बाइन’ नका म्हणू, ‘इश हाबं मीर दास बाइन गेब्रॉखन’ म्हणा, म्हणजे ‘माझा’ हे काम ‘मीर’च करतो.