स्तोत्र ७२ मधला राजा कसा वाचायचा

बेळगाव-खानापूरकडं घरगुती बायबल अभ्यासात स्तोत्र ७२ घेताय तर हा राजा म्हणजे येशूच असं लगेच म्हणू नका, आधी शलमोनाचं (दावीद राजाचा मुलगा, इस्राएलचा राजा) नाव असलेली ही राजासाठीची प्रार्थना आहे हे धरा. मग पेन घेऊन राजा काय काय करतो त्याखाली रेघ मारा, गरिबाला न्याय, जुलूम करणाऱ्याला चिरडणं, आणि १२ ते १४ वचनं दोनदा वाचा, माझ्या मते अख्खं स्तोत्र तिथंच उभं आहे, गरिबाचं रक्त राजाला मोलाचं वाटतं! ६ व्या वचनातला कापलेल्या गवतावरचा पाऊस खानापूरकरांना वेगळा सांगायला नको. राजाबद्दलचीच स्तोत्र २ आणि ११० पण शेजारी ठेवून बघा, २ मध्ये राजा लोहदंडानं राष्ट्रं फोडतो, ११० मध्ये शत्रू त्याचं पादासन, म्हणजे पाय ठेवायचं आसन, होतात. आता ८ व्या वचनातलं समुद्रापासून समुद्रापर्यंतचं राज्य दावीदाच्या वंशातल्या कुठल्याच राजाला मिळालं नाही, म्हणून पुढं यहुदी वाचक येणाऱ्या मसीहाकडं, म्हणजे देवानं अभिषेक केलेल्या राजाकडं, बघू लागले, ख्रिस्ती वाचक येशूकडं.