इटालियनमध्ये 'मला आवडतं' कसं म्हणायचं: प्याचेरे क्रियापद

इटालियन शिकताना 'आवडणे' आलं की बरेच जण इंग्रजीतून विचार करतात आणि 'इओ प्याच्चो ला पीत्सा' असं काहीतरी ठोकून देतात, म्हणजे 'मी पिझ्झा आवडतो'. माझंही सुरुवातीला हेच व्हायचं. मराठीतून विचार केला असता तर दोन आठवडे वाचले असते.

मूळ लॅटिन क्रियापद 'प्लाकेरे', पसंत पडणे. लॅटिनमधला सुरुवातीचा 'प्ल' इटालियनमध्ये बहुतेकदा 'प्य' होतो (प्लेनुसचं प्येनो, म्हणजे भरलेला) आणि ए-ईच्या आधीच्या 'क'चा 'च', झालं प्याचेरे. औषधांतला 'प्लासिबो' पण याच घरातला, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'मी खूश करीन'.

आता वापर. 'मी प्याचे' म्हणजे मला आवडतं. इथला 'मी' म्हणजे आपला मी नाही हां, तो 'मला' आहे, पहिले चार दिवस डोकं फिरतं. जे आवडतं तोच कर्ता, त्यामुळे एक पुस्तक असेल तर 'मी प्याचे इल लिब्रो', जास्त असतील तर 'मी प्याच्चोनो इ लिब्री', अगदी आपलं आवडतं-आवडतात. नाव असेल तर आधी 'आ' लावा: 'आ मार्को प्याचे', मार्कोला आवडतं. पण वाचायला, स्वैपाक करायला असं काही आवडत असेल तर कितीही गोष्टी सांगा, एकवचनच: 'मी प्याचे लेज्जेरे ए कुचिनारे'.

भूतकाळात खरी मजा आहे. मदतीला 'आव्हेरे' (जवळ असणे) हे क्रियापद घ्यायचं नाही, 'एस्सेरे' (असणे, त्याची रूपं 'ए' आणि 'सोनो') घ्यायचं, आणि 'प्याचेरे'च्या रूपाचा शेवट आवडलेल्या वस्तूच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतो. सिनेमा आवडला: 'मी ए प्याचूतो इल फिल्म'. गोष्ट आवडली: 'मी ए प्याचूता ला स्तोर्या'. गोष्टी आवडल्या: 'मी सोनो प्याचूते ले स्तोर्ये'. फक्त लिंग इटालियनचं धरा, आपलं नाही, लिब्रो पुल्लिंगी आहे.

एक सावधगिरी, कुणाला 'मी प्याची' म्हणालात तर ते 'तू मला आवडतेस/आवडतोस' होतं, आणि ते बहुतेकदा त्याच अर्थाने घेतलं जातं! नुसतं माणूस म्हणून छान वाटतोस असं सांगायचं असेल तर 'मी स्ताई सिम्पातिको' म्हणा, मुलगी असेल तर सिम्पातिका. ओळख झाल्यावर हात मिळवताना मात्र नुसतं 'प्याचेरे' बिनधास्त म्हणा, तिथे त्याचा अर्थ 'भेटून आनंद झाला' एवढाच.