नागपूरहून जहाजावर: पहिले नऊ दिवस समुद्र दिसला नाही

जहाजावर चढून नऊ दिवस झाले, त्या दिवशी घरी फोन केला. आईने पहिलाच प्रश्न टाकला, "समुद्र कसा आहे रे?" मी म्हटलं, "पाह्यलाच नाही अजून." पलीकडे शांतता. मग मागून बाबांचा आवाज, "काऊन, हा गेला कुठं मग?"

खोटं काहीच नव्हतं. माझी केबिन पाण्याच्या पातळीच्या खाली, गॅलीला, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघराला, एकही खिडकी नाही आणि या दोन्हींच्या मधे लोखंडी जिने. अंबाझरी आणि फुटाळ्यापलीकडे मोठं पाणी न पाहिलेला माणूस मी, त्यामुळे सगळी तयारी समुद्राची केली होती. उलटीच्या गोळ्या घेतल्या, आल्याच्या वड्या घेतल्या, दोन महिने पोहायला गेलो. खरी तयारी झोपेची आणि जिन्यांची करायला हवी होती. हॉटेल मॅनेजमेंट करून क्रूझवर जायचा विचार करणारी आपल्याकडची पोरं अधूनमधून विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहून काढतोय. मी गॅलीत कॉमी, म्हणजे शिकाऊ कुक, म्हणून गेलो. हाउसकीपिंग आणि रेस्टॉरंटवाल्यांचं काम वेगळं असतं, पण पहिल्या पंधरा दिवसांचे हाल सगळ्यांचे सारखेच.

आधी कागदांचं आटपतो. बर्डीवरच्या एका ऑफिसात मी 'प्रोसेसिंग'चे चाळीस हजार भरले आणि आठ महिने "पुढच्या आठवड्यात इंटरव्ह्यू आहे" हे ऐकत बसलो. पैसे परत आले नाहीत. नंतर कळलं, नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेताच येत नाहीत. २००६ च्या मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, तसं स्पष्ट लिहिलं आहे आणि भारताने ते २०१५ मध्ये स्वीकारलं. आपण खर्च करायचा तो पासपोर्टचा, सीडीसीचा (खलाशाचं ओळख आणि नोंदीचं पुस्तक) आणि मेडिकलचा. व्हिसाचा खर्चसुद्धा जहाजमालकाचा. म्हणून एजंटकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं लायसन्स आहे का, ते आधी केंद्र सरकारच्या डीजी शिपिंग या खात्याच्या वेबसाइटवर बघा. त्याने भिंतीवर फ्रेम करून लावलेलं काहीही खरं धरू नका.

मग इंडॉस नंबर (खलाशाचा सरकारी नोंदणी क्रमांक), एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे खलाशांना लागणारे सुरक्षेचे बेसिक कोर्स आणि सीडीसी. कोर्स मी मुंबईला जाऊन केले. आग विझवणं, प्रथमोपचार, सुरक्षा हे सगळं ठीकच, पण लक्षात राहिला तो पाण्यातला दिवस. लाइफ जॅकेट घालून उंचावरून तलावात उडी मारायची आणि उलटा पडलेला तराफा सरळ करायचा. उडी मारताना एका हाताने नाक दाबायचं आणि दुसऱ्याने जॅकेट छातीशी घट्ट धरायचं, नाहीतर तेच जॅकेट हनुवटीवर आपटतं. अमेरिकेतून सुटणारं जहाज असेल तर सी-वन-डी व्हिसाचा इंटरव्ह्यूही मुंबईतच. यलो फीव्हरची लस मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. तिचं सर्टिफिकेट दहा दिवसांनंतर वैध होतं.

माझं जॉइनिंग मायामीला होतं. कंपनीने आदल्या दिवशी हॉटेलात ठेवलं आणि पहाटे व्हॅनने बंदरावर नेलं. जहाज पहिल्यांदा दिसतं तेव्हा ते जहाज वाटतच नाही, बाल्कन्यांची भिंत वाटते. आपण जायचं ते त्या भिंतीतल्या एका छोट्या दारातून.

एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. आपण चढतो तो दिवस जहाजाचा सगळ्यात धावपळीचा असतो. सकाळी हजारो प्रवासी उतरतात, दुपारी तितकेच नवे चढतात, मधल्या काही तासांत खोल्या साफ होतात, फोर्कलिफ्टवरून भाजीपाला आत येतो. अशा वेळी तुमच्याकडे हसून बघायला कोणाला वेळ नसतो. मला वाटलं, लोक तुसडे आहेत. तसं नव्हतं, रविवार होता.

दारात बॅग स्कॅन झाली आणि माझी इस्त्री निघाली. आईने आग्रहाने दिलेली. इस्त्री, किटली, राइस कुकर, एक्स्टेंशन बोर्ड, अगरबत्ती, मेणबत्ती, जे तापतं किंवा पेटतं ते काहीही केबिनमध्ये चालत नाही. समुद्रात आगीइतकी दुसरी भीती नाही. टेकडीच्या गणपतीचा फोटो राहिला, अगरबत्तीचा पुडा गेला. इस्त्री क्रूच्या लाँड्रीत असते, घरून न्यायची गरजच नव्हती.

पुढे सगळं रांगेत. पासपोर्ट आणि सीडीसी क्रू ऑफिसात जमा करायचे. अनोळखी माणसाच्या हातात पासपोर्ट देताना पोटात गोळा येतो, पण तीच पद्धत आहे. झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवून द्या. मग आयकार्ड, युनिफॉर्म, देशाचं नाव लिहिलेली नेमप्लेट आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक लहानसं कार्ड. त्यावर तुमचा इमर्जन्सी नंबर, जमायची जागा आणि काम लिहिलेलं असतं. कागदपत्रांची फाइल हँडबॅगेतच हवी हे वेगळं सांगायला नको, तरी आमच्यातल्या एकाने ती चेक-इन बॅगेत टाकली होती आणि बॅग दुसऱ्याच विमानाने आली. त्याने तीन दिवस माझे टी-शर्ट वापरले.

केबिन म्हणजे आपल्या रेल्वेच्या टू-टियरला दार लावलं तर जसं होईल तसं. वर-खाली दोन बर्थ, दोन कपाटं, एक टेबल, आणि बाथरूम इतकं लहान की साबण पडला तर उचलायला दार उघडावं लागतं. नवा माणूस बहुतेक वरच्या बर्थवर. माझा रूममेट बालीचा, पेस्ट्रीत नाइट शिफ्टला. म्हणजे मी उठायचो तेव्हा तो झोपायचा. पडदा ओढलेला असेल तर माणूस झोपलेला आहे, लाइट लावायचा नाही, एवढा एक नियम पाळला तर रूममेटशी भांडण होत नाही. कपडे आदल्या रात्रीच काढून ठेवायचे. अंधारात चेन वाजवत बॅग उघडणारा माणूस जहाजावर पटकन बदनाम होतो.

त्याच संध्याकाळी, अंगात जेट लॅग असताना, ड्रिल. सात छोटे भोंगे आणि एक लांब. झोपेतून उठवलं तरी हा आवाज ओळखता आला पाहिजे. माझं काम जिन्यावर उभं राहून प्रवाशांना वाट दाखवायचं. त्या दिवशी मला स्वतःलाच वाट माहीत नव्हती. हात दाखवत होतो ती बाजू पुढची की मागची, याचा पत्ता नाही. ट्रेनिंग ऑफिसरने नंतर बाजूला घेऊन कोस्टा कॉन्कॉर्डिया या क्रूझ जहाजाच्या अपघाताची गोष्ट सांगितली. जानेवारी २०१२, इटलीचा किनारा, बत्तीस माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांचं ड्रिल तेव्हा व्हायचंच होतं. नियम बदलले ते त्यानंतर. २०१५ पासून ड्रिल जहाज सुटायच्या आधी किंवा सुटताच घ्यावं लागतं. दुसऱ्या दिवशी ब्रेकमध्ये मी केबिनपासून माझ्या जिन्यापर्यंत चार वेळा चालून आलो.

वाट शिकायची युक्ती सोपी आहे. खालच्या डेकवर जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब रस्ता असतो, त्याला बहुतेक जहाजांवर आय-९५ म्हणतात. मायामीहून वर मेनपर्यंत जाणाऱ्या हायवेचं नाव. ट्रॉल्या, पॅलेट, माणसं, सगळं त्यावरून वाहतं. आपल्याला वर्धा रोड ओळखीचा असला की नागपुरात हरवायला होत नाही, तसंच. हरवलात की आय-९५ वर उतरायचं आणि तिथून पुन्हा मोजायचं. पोर्ट म्हणजे डावी, स्टारबोर्ड म्हणजे उजवी, पण तोंड जहाजाच्या नाकाकडे असताना. मी आठवडाभर तोंड फिरवून मोजत होतो. आणि वाटेतलं वॉटरटाइट, म्हणजे पाणी अडवणारं, दार बंद व्हायला लागलं असेल तर मधून उडी मारून जाऊ नका. ते लिफ्टच्या दारासारखं माणूस बघून थांबत नाही, हाड मोडतं.

आता गॅली. पहिला धक्का म्हणजे आच नाही. आमच्या गॅलीत गॅस नव्हताच, सगळं विजेवर आणि वाफेवर. सावजीच्या भट्टीसमोर वाढलेल्या माणसाला ज्योत न बघता कांदा परतणं म्हणजे डोळे बांधून गाडी चालवण्यासारखं. दुसरा धक्का यूएसपीएच. अमेरिकन बंदरात जाणाऱ्या प्रवासी जहाजांवर तिथल्या आरोग्य खात्याचे लोक न सांगता येतात आणि शंभरपैकी गुण देतात. ८५ किंवा त्याखाली गेलं की नापास, आणि निकाल सगळ्या जगाला वाचता येतो. त्यामुळे ती चार अक्षरं उच्चारली की शेफची चाल बदलते. थंड पदार्थ पाच अंशांच्या खाली, गरम सत्तावन्नच्या वर, मधे किती वेळ राहिला त्याची नोंद. भांडी धुवायची, मग खळबळायची, मग सॅनिटाइझ करायची, हा क्रम मोडायचा नाही. इन्स्पेक्टर शेफला सोडून नेमकं नव्या पोरालाच विचारतो, "हे भांडं कसं धुतोस?" तेव्हा इंग्रजी अडखळलं तरी चालतं, आकडा अडखळायला नको.

यातच एक सल्ला, कारण यात लोक नोकरी घालवतात. जुलाब किंवा उलटी झाली तर लगेच मेडिकलला जा. आपल्याकडे "काही नाही, ओवा खाल्ला की बसेल" म्हणून कामावर जायची सवय असते. गॅलीत काम करणाऱ्याला लक्षणं थांबल्यावरही अठ्ठेचाळीस तास कामापासून दूर ठेवतात, कारण नोरोव्हायरस एका ताटातून शेकडो लोकांकडे जातो. सॅनिटायझरच्या जेलवर त्यात फार भरवसा ठेवता येत नाही, साबण आणि पाणीच लागतं. लपवलं आणि नंतर कळलं तर घरी पाठवतात.

झोपेचं गणित असं. आठवड्याची सुट्टी नाही, करार सहा ते नऊ महिन्यांचा, रोज दहा-अकरा तास काम. नियमाने चोवीस तासांत दहा तास आणि सात दिवसांत सत्त्याहत्तर तास विश्रांती मिळायलाच हवी. ती दोन तुकड्यांत देता येते, पण एक तुकडा सहा तासांचा हवा. कामाच्या तासांच्या नोंदीवर सही करताना ती वाचा. पहिल्या आठवड्यात मी तो सहा तासांचा तुकडा क्रू बारमध्ये आणि फोनवर घालवला. नागपूर मायामीच्या साडेनऊ-साडेदहा तास पुढे, म्हणजे माझी झोपायची वेळ आणि घरची चहाची वेळ एकच. त्यात जहाज पूर्वेकडे निघालं की रात्री घड्याळ एक तास पुढे करतात आणि तो तास आपल्याच झोपेतून जातो. सहाव्या दिवशी मी उभ्या उभ्या गाजर सोलता सोलता बोट सोललं. तेव्हापासून घरी ठरवून टाकलं, आठवड्यातून दोनदाच फोन. आई आठ दिवस रुसली.

बोट लागणं, म्हणजे जहाजावरची मळमळ? दोन दिवस लागली. हिरवं सफरचंद आणि कोरडी बिस्किटं खाल्ली, गेली. त्याचा एवढा बाऊ करू नका.

खर्ऱ्याचं मात्र सांगतो. ज्यांना सवय आहे त्यांनी घरूनच सोडून या. जहाजावर थुंकायला जागा नाही, पुडीत काय आहे हे विमानतळावर समजावून सांगता येत नाही आणि पहिल्याच आठवड्यात झोप, घर आणि खर्रा तिन्ही एकदम सुटलं तर माणूस चिडका होतो. एकाला पाहिलंय. चांगला कुक होता, दुसऱ्या महिन्यात साइन ऑफ घेऊन गेला.

जेवण क्रू मेसमध्ये, भात रोज असतो, डाळीसारखं काहीतरी असतं. तर्रीची आठवण येणारच. आपल्या देशाचा माणूस भेटला की त्याला 'पैसानो' म्हणतात, आणि पैसानो लोणच्याची बाटली राखून ठेवतो. पण सगळा वेळ भारतीयांच्याच टेबलावर बसू नका. मला गॅलीत तारलं ते बालीच्या रूममेटने आणि एका फिलिपिनो बाईने. तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, कामचुकारासाठी जहाजावर एक शब्द आहे, 'मामागायो', तो एकदा चिकटला की करार संपेपर्यंत निघत नाही.

नवव्या दिवशी घरी तो फोन झाला त्याच रात्री रूममेटने मला पुढच्या टोकाला क्रूच्या उघड्या डेकवर नेलं. दिवे नव्हते. खाली काळं काहीतरी हलत होतं आणि वारा इतका की बोलताच येईना. दहा मिनिटं थांबलो आणि खाली येऊन झोपलो, कारण पाचला शिफ्ट होती.

आता माझा तिसरा करार चालू आहे. मागच्या जॉइनिंगला वर्ध्याचा एक पोरगा आला, त्याला आणायला मी गँगवेवर गेलो होतो. स्कॅनरमधून त्याची बॅग बाहेर आली आणि सिक्युरिटीवाल्याने आतून इस्त्री काढली. पोरगा घामाघूम. जिना उतरताना मराठी ऐकून जरा सैलावला आणि म्हणाला, "भाऊ, समुद्र कुठून दिसते इथून?"

"झोप पहिले," मी म्हटलं. "खालचा बर्थ रिकामा आहे."