साखळी लिहिण्याआधी रिटर्न टाइप ठरवा

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाऊसचं सॉफ्टवेअर मी जावामध्ये लिहिते, म्हणून मेथड चेनिंग (एका मेथडने परत दिलेल्या ऑब्जेक्टवर लगेच पुढची मेथड बोलावणं) सांगायला उदाहरण निर्यातीच्या खेपेचंच घेते. युरोपला माल जायचा तर आधी प्लॉटची नोंद, मग रेसिड्यू रिपोर्ट (फळातल्या कीटकनाशकांच्या अंशांचा तपासणी अहवाल), मग पॅकिंग, शेवटी कंटेनर. हा क्रम मोडायची सोयच कोडमध्ये असू नये.

नवी मुलं एकच क्लास करतात आणि प्रत्येक मेथडच्या शेवटी ‘रिटर्न धिस’ लिहितात, म्हणजे तोच ऑब्जेक्ट परत देतात. साखळी छान दिसते, पण रिपोर्ट न देता कंटेनर भरणारा कोडही बिनतक्रार कंपाइल होतो. म्हणून क्लासला हात लावण्याआधी, वापरणाऱ्याने काय लिहावं ते कागदावर उतरवा:

खेप.प्लॉट(दिंडोरी)
  .रिपोर्ट(अहवाल)
  .पेट्या(थॉमसन, ९००)
  .पेट्या(शरद, ३००)
  .कंटेनर(क्रमांक)

(थॉमसन आणि शरद या द्राक्षांच्या जाती. जावाला देवनागरी नावं चालतात, टीमला चालतील का ते विचारा.)

आता प्रत्येक टप्प्याला वेगळा इंटरफेस, म्हणजे तिथे कोणत्या मेथड मिळतील त्याची यादी, द्या. आधीच्या मेथडचा रिटर्न टाइप, म्हणजे ती जे परत देते त्याचा प्रकार, तोच. ‘प्लॉट’ जे परत देतो त्यावर ‘रिपोर्ट’ ही एकच मेथड ठेवा. ‘रिपोर्ट’कडून पॅकिंगचा इंटरफेस मिळेल, त्यावर ‘पेट्या’ आणि ‘कंटेनर’. ‘पेट्या’ पुन्हा पॅकिंगच परत देते, म्हणून ती कितीही वेळा लिहिता येते. ‘कंटेनर’ तयार खेप हातात देतो, साखळी तिथे संपते. हे सगळे इंटरफेस आतून एकच प्रायव्हेट क्लास पुरे करू शकतो. आता आयडीईमध्ये (कोड लिहायच्या एडिटरमध्ये) डॉट दाबला की पुढचं योग्य पाऊलच दिसतं. अशा रचनेला फ्लुएंट इंटरफेस हे नाव एरिक इव्हान्स आणि मार्टिन फाउलर यांनी २००५ मध्ये दिलं. कंपायलर फक्त रिपोर्ट दिलाय एवढंच बघतो. रिपोर्ट पास आहे का, हे ‘रिपोर्ट’ मेथडच्या आत तपासा आणि नसेल तर तिथेच एक्सेप्शन फेका, म्हणजे चूक सांगून काम थांबवा.

दुसरा निर्णय: तोच ऑब्जेक्ट परत द्यायचा की नवा? स्ट्रिंगबिल्डरचा ‘अपेंड’ तोच देतो, स्ट्रिंगचा ‘ट्रिम’ मूळ स्ट्रिंग तशीच ठेवून कडेच्या मोकळ्या जागा काढलेलं उत्तर वेगळं देतो. ते साठवलं नाही तर वाया जातं. एका इंटरफेसमध्ये दोन्ही पद्धती मिसळू नका. अर्धी साखळी व्हेरिएबलमध्ये ठेवून तिच्यापासून दोन खेपा करायच्या असतील, तर नवाच ऑब्जेक्ट द्या. नाहीतर पहिल्या खेपेच्या पेट्या दुसरीत मोजल्या जातात.

शेतकरी.बँक().शाखा().कोड() ही मात्र नुसती गेटरची (आतली माहिती काढून देणाऱ्या मेथडची) रांग आहे. ती मी लिहू देत नाही. शेतकऱ्यालाच ‘बँककोड’ मेथड द्या. आणि एका ओळीवर एकच कॉल ठेवा, म्हणजे गिटच्या डिफमध्ये (कोडमधले बदल ओळीनुसार दाखवणाऱ्या यादीत) नेमका बदललेला टप्पा दिसतो.