अंगणवाडीची सकाळ मुलांसाठी कशी राखायची

नवीन रुजू झालीस ना, मग आधी एक गोष्ट पक्की कर. पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर हजेरी लागली की मोबाइल पर्समध्ये. खिचडी होईपर्यंतचा वेळ मुलांचा.

मी सेविका झाले तेव्हा वजन, लसीकरणाचे निरोप अन् आहार सांभाळला की लोक खूश असत. २०२१ मध्ये ट्रॅकर आला. २०२४ मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी 'आधारशिला' अभ्यासक्रम आला. म्हणजे आता आपण शिकवणाऱ्याही. जुनं काम मात्र कमी झालं नाही, रजिस्टरातून फोनमध्ये गेलं एवढंच. घरपोच आहार म्हणजे घरी न्यायचा शिधा. तो घ्यायला येणाऱ्या बायकांचा चेहरा फोनवर पडताळायचा असतो, त्यांना मुलं घरी गेल्यावरच बोलाव. सकाळी दारात रांग लागली की वर्ग गेलाच समज.

पाटी-पेन्सिलची घाई नको, मातीपासून सुरुवात कर. आमच्या नागपूरला तान्हा पोळा म्हणजे पोरांचाच सण. त्याआधीचा आठवडा वाया घालवू नकोस. माती आदल्या दिवशी भिजवून ठेव, नाहीतर सकाळ मळण्यातच जाते. बैल करायला लाव. चिमटीत धरून शिंग ओढताना जी बोटं कामाला लागतात, तीच पुढे पेन्सिल धरतात. बैल लहान-मोठे ओळीने लावायचे, पाय मोजायचे. मधेच एखादं सांगतं, "माझ्या बैलाला ताप आला." तिथे थांब. दवाखान्यात कोणी नेलं? सुई दिली का? विचारत जा, पोर बोलत जाते. हा भाषेचा तास, अन् तो वेळापत्रकात बसत नाही.

मदतनीस ताईंना चुलीपाशीच अडकवू नकोस. रडून राहिलेलं नवं पोर बहुतेक त्यांच्याच मांडीवर शांत होते.

आया म्हणतील, "एबीसीडी घेत नसाल तर कॉन्व्हेंटमध्ये टाकतो." वाद घालू नकोस. आईला बसव, पोराला मणी ओवायला दे, अन् तिला पाहू दे. तरीही काही जणी टाकतातच, त्याचं मनाला लावून घ्यायचं नाही.

वजन-उंचीचा दिवस मात्र वेगळा ठेव. सहा महिन्यांवरच्या अन् पाच वर्षांखालच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण. नोंद नंतर कर, आधी नर्सताईंना फोन लाव.