काळी मोहरी आली की मी कॅरो-कान का खेळतो

पहिल्या रेटिंग स्पर्धेत माझा उंट अकरा मिनिटांत गेला. कॅरो-कान म्हणजे पांढऱ्याच्या ई४ ला काळ्याने दिलेलं सी६ हे उत्तर (अक्षर पटाची उभी रांग, अंक आडवी; नुसतं घर लिहिलं की प्याद्याची चाल): ई४ सी६, डी४ डी५, ई५ उंट एफ५. इथवर पाठ होतं. पांढऱ्याने एच४ केलं, मी सवयीने ई६. मग जी४, उंट ई४, एफ३, उंट जी६, एच५. उंटाला घरच उरलं नाही. दादरहून कल्याण लोकल पकडली आणि घरी पोचेपर्यंत तीच चाल डोक्यात फिरत होती.

नव्या खेळाडूंनी हे आधी समजून घ्यावं. फ्रेंच बचावात, म्हणजे ई४ ला ई६ ने उत्तर दिलं की, काळ्याचा सी८ वरचा उंट ई६ च्या प्याद्यामागे कोंडतो. कॅरो-कानमध्ये तो आधी बाहेर पडतो, मग ई६. पण बाहेर पडलेल्याची राखण आपल्यालाच करावी लागते. १९६१ च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात ताल बोत्विनिकविरुद्ध हीच एच४ चाल खेळला होता. पोरखेळ समजू नका.

पुढच्या मे महिन्यात, चौथ्या फेरीत, तीच स्थिती पुन्हा पटावर आली. समोर माझ्याहून वरच्या रेटिंगचा कॉलेजातला मुलगा. या वेळी एच४ ला मी एच५ ने उत्तर दिलं. उंट डी३ वर आला, उंटांची मारामारी झाली, त्याचा वजीर डी३ वर. आता माझ्या एच५ च्या प्याद्यामुळे जी४ सहज होत नव्हतं, म्हणजे एफ५ हे घर घोड्यासाठी पक्कं. मी ई६ केलं, घोडा ई७ वरून एफ५ वर नेला आणि लगेच सी५ ढकललं. हे सी५ विसरू नका. भक्कम बचाव म्हणजे नुसतं दार लावून बसणं नव्हे. पांढऱ्याच्या डी४ वर मारा झालाच पाहिजे.

सी-प्यादी उडाली. वजीर बी६, घोडे सी६ आणि एफ५: डी४ वर तीन मारे, राखायला घोडा आणि वजीर दोनच. एकोणिसाव्या चालीला प्यादं पडलं, घोडा आणि वजीर दोघांचेही उतरले. पुढे डाव हत्ती आणि प्याद्यांवर आला. त्यात घाई केली नाही. दर चालीला तीस सेकंद वाढत होती, ती पूर्ण वापरली. बावन्नाव्या चालीला त्याने हात पुढे केला.

हरलेल्याशी बसून डाव पुन्हा लावायला लाजू नका. आम्ही हॉलच्या जिन्यात बसलो, स्कोअरशीट, म्हणजे चाली लिहिलेला कागद, मांडीवर. त्याने बोट ठेवलं ते सरळ उंट डी३ वर: "दादा, हा बदल मीच करून दिला. एफ५ घर तिथेच गेलं."